वाडा, चित्रशाळा आणि स्टॅमफर्डच्या खिडक्या

गेल्या महिन्यात ऐन रिलीजच्या रात्री तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम वडूज, तालुका खटाव, जिल्हा सातारा. ते मोबाईलवर अजूनही ट्रंककॉल लावल्यासारखे ओरडून बोलतात. त्यामुळे कॉन्फरन्स रूममधल्या सगळ्या टीमला आमची भाऊबंदकी फुकटात ऐकायला मिळाली.

"वाड्याला गिऱ्हाईक आलंय. उताऱ्यावर अकरा नावं हायती, धा जणांच्या सह्या झाल्या. तुझी तेवढी ऱ्हायलीय. कवा येतूस?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. मग न राहवून म्हणालो, "तात्या, शंभर-सव्वाशे वर्षांचा वाडा आहे. इंग्लंडमध्ये असली घरं पाडूच देत नाहीत."

पलीकडे दोन क्षण शांतता. मग तात्या म्हणाले, "मग हिकडं ये आन् आठ दिवस ऱ्हाऊन दाव." आणि फोन ठेवला.

तर हा लेख त्या फोनचा. बिल्ड पास होईपर्यंत दुसरं काही काम नव्हतं आणि डोक्यात स्टॅमफर्ड घोळत होतं, तिथून सुरुवात झाली.

२००८ साली कंपनीने मला ऑनसाईट पाठवलं होतं. ऑफिस पीटरबरोला. तिथल्या भाड्यापेक्षा आणि एकसारख्या विटांच्या घरांपेक्षा जवळचं एखादं लहान गाव बरं, असं कुणीतरी सुचवलं म्हणून मी स्टॅमफर्डला खोली घेतली. ट्रेनने जेमतेम पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी बॅग ओढत स्टेशनातून बाहेर आलो आणि सरळ अठराव्या शतकात शिरलो. सगळं गाव एकाच मधाळ पिवळट दगडाचं. आसपासच्या खाणींतला चुनखडीचा दगड भिंतींना आणि जवळच्याच कॉलीवेस्टनच्या दगडी फरश्या छपराला. मध्ययुगातली पाच चर्चेस, नदीवरचा पूल, घोडागाड्यांच्या जमान्यातल्या खानावळी. बीबीसीला १९९४ साली 'मिडलमार्च' ही मालिका काढायची होती तेव्हा त्यांनी हेच गाव निवडलं होतं. का ते दहा मिनिटांत कळतं.

माझी खोली मात्र थंडगार. जुन्या पद्धतीच्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या, त्यांच्या फटींतून वारा शीळ घालत आत यायचा. डिसेंबरात मी घरमालकीणबाईंना म्हटलं, दुहेरी काचेच्या खिडक्या का बसवत नाही? बाई पंच्याहत्तरीच्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, घर लिस्टेड आहे, परवानगीशिवाय खिडकी बदलली तर तो गुन्हा होतो. दंड वगैरे नव्हे, चक्क फौजदारी गुन्हा. मला ते तेव्हा फार थोर वाटलं होतं. भारतात परतल्यावर पुढची दहा वर्षं मी ही गोष्ट पार्ट्यांमध्ये सांगत होतो. आपल्याकडे बघा आणि तिकडे बघा, या चालीवर. बाईंनी त्या थंडीत दोन स्वेटर आणि वर शाल घेतलेली असायची, हा भाग मी सांगत नसे.

तिकडचा कायदा काय आहे ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून घरं ढासळत होती, तेव्हा कुठली सावरायची आणि कुठली सोडून द्यायची हे ठरवायला याद्या करायला घेतल्या. त्याच याद्यांवरून १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांत इमारतींची अधिकृत नोंद करायची पद्धत आली. १७०० पूर्वीची, बऱ्यापैकी मूळ रूपात उभी असलेली जवळपास प्रत्येक इमारत यादीत. १८५० पर्यंतच्या बहुतेक. त्यानंतरच्या निवडून. आज एकट्या इंग्लंडमध्ये जवळपास चार लाख नोंदी आहेत. १९६७ साली अजून एक कायदा झाला आणि एकेक इमारत नाही तर गावाचा अख्खा भागच संरक्षित करायची सोय झाली. तशी देशातली पहिली नोंद कुठल्या गावाची? स्टॅमफर्डची. त्या लहानशा गावात सहाशेहून जास्त नोंदलेल्या इमारती आहेत.

पण १९६७ साली वाचवण्यासारखं इतकं काही शिल्लक कसं राहिलं होतं? हा प्रश्न मला तिथे राहत असताना पडला नाही, तात्यांनी फोन ठेवल्यावर पडला. बग रिपोर्ट आला की आपण आधी बघतो, हे आजवर चालत कसं होतं. तसंच.

उत्तर फारसं थोर नाही. स्टॅमफर्ड मुळात लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालं, मग लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या घोडागाड्यांवर. १८५० च्या सुमारास रेल्वेची मुख्य लाईन आली ती पीटरबरोवरून गेली. घोडागाड्या संपल्या, धंदा संपला. दुसरी गोष्ट जास्त मजेशीर. गावाबाहेर बर्ली हाऊस नावाचा अवाढव्य महाल आहे, पहिल्या एलिझाबेथ राणीचा मंत्री विल्यम सेसिल याने बांधलेला. गावावर पिढ्यान् पिढ्या या सेसिल घराण्याचा ताबा. मतदार म्हणजे त्यांची कुळं, त्यामुळे पार्लमेंटच्या जागा खिशात. गाव वाढलं, नवी वस्ती झाली, तर नवे मतदार येणार आणि ते ऐकणार नाहीत. म्हणून गावाभोवतीची सामाईक शेतं बांधकामाला मोकळी होऊच दिली नाहीत. गुप्त मतदान इंग्लंडमध्ये १८७२ साली आलं, आणि शेतं मोकळी झाली ती १८७० च्या दशकातच. तोवर आसपासची गावं कारखाने काढून पुढे गेली होती. स्टॅमफर्ड जागच्या जागी राहिलं. थोडक्यात, आज जे बघायला लोक तिकिटं काढून येतात ते गाव आधी शंभर वर्षं नुसतं मागे पडलं होतं. कायदा नंतर आला.

असो. दोन आठवडे टाळाटाळ करून एका शनिवारी पहाटे गाडी काढली. साताऱ्याहून कोरेगाव, मग वर्धनगडाचा घाट. हा घाट चढला की पाऊस मागे राहतो. पुण्यातून निघताना भिजलेली गाडी पुसेगावला येईतो खडखडीत वाळून धुळीने भरते. पुणे-मिरज रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली ती कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड अशी घाटाखालून गेली, आमच्या बाजूला फिरकली नाही. दुष्काळ नेमाने फिरकतो. म्हणून खटाव-माण-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, देशभर पांगली. तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत आमच्याकडचा माणूस भट्टीवर बसलेला सापडतो.

थेट वडूजला जायचं धाडस होईना म्हणून गाडी आधी औंधला वळवली. (पुण्याचं औंध नव्हे. हे मला आयुष्यात किती वेळा सांगावं लागलंय याची गणती नाही.)

औंध आज खटाव तालुक्यातलं एक गाव आहे. १९४८ पर्यंत ती राजधानी होती. संस्थान फार तर ७२ गावांचं आणि ५०१ चौरस मैलांचं, तेही सलग नाही. एक तुकडा इथे, एक आटपाडीला, एक कुंडलला, एक पार विजापूरकडे. डेटाबेस कुणीतरी चुकीचा पार्टिशन केल्यासारखा नकाशा. राजे होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, सगळे त्यांना बाळासाहेब म्हणत. जन्म १८६८, गादीवर १९०९ साली. बी. ए. झालेले, स्वतः चित्रकार, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्कारांचे इतके कट्टर पुरस्कर्ते की त्यावर पुस्तकं लिहिली. साने गुरुजी, गदिमा, शंकरराव खरात यांच्या शाळेच्या वाटेवर हे गाव आहे. पंडित सातवळेकर वेदांचं काम घेऊन तीसेक वर्षं इथेच होते. किर्लोस्करवाडी वसली तीही याच संस्थानच्या जागेत.

गावात यमाईचं देऊळ, त्याच्यापुढे मान वर करून बघावी लागते अशी दगडी दीपमाळ, शेजारी राजवाडा. डोंगरावर यमाईचं मूळपीठ. आणि त्या डोंगराच्या चढावर आहे श्रीभवानी चित्रसंग्रहालय, १९३८ सालचं. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्हाला इथे रांगेने फिरवलं होतं आणि मला फक्त कोल्ड्रिंक आठवत होतं. या वेळी नीट बघितलं. बाहेरून इमारत साधी आहे. कमानी-महिरपींचा सोस नाही. सगळी हुशारी उजेडात आहे. नैसर्गिक उजेड वरून येऊन चित्रांवर पडतो. बांधणाऱ्याने आधी चित्र कसं बघायचं याचा विचार केलाय, मग भिंत उभी केलीय. आत रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला आहेत, हस्तिदंती काम आहे. आणि एका बाजूला शांतपणे हेन्री मूरचं 'माता आणि बालक' हे शिल्प. हेन्री मूर! ज्याच्यासाठी लंडनला लोक रांगा लावतात तो खटाव तालुक्यात. शनिवारी सकाळी तिथे मी, एक कुटुंब आणि पहारेकरी इतकेच होतो.

आता पुढचं बघा. हे संग्रहालय उभं राहिलं त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात राजांनी जाहीर केलं की राज्यकारभार रयतेच्या हाती देणार. जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य घटना लागू झाली. मसुद्याला हात खुद्द गांधीजींचा, आणि त्यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर, बंगळूरच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा. (आमच्या जमातीतला माणूस बंगळूरहून येऊन राज्यघटना लिहून गेला, हे मी ऑफिसात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवला नाही.) गावोगाव निवडलेल्या पंचायती, त्यांच्यावर तालुक्याची सभा, तिच्यावर संस्थानची. युवराज अप्पासाहेब पंत त्यात पूर्ण उतरले. याच प्रयोगात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत झाली, जिच्यावरून पुढे 'दो आँखें बारह हाथ' सुचला.

स्टॅमफर्डचा लॉर्ड मतं हातात ठेवायला गाव वाढू देत नव्हता. औंधच्या राजाने मतंच वाटून टाकली. दोन्ही गावांतल्या जुन्या इमारती टिकल्या. आता यातून काय सिद्ध करायचं? मला तरी एवढंच दिसतं की राजा चांगला असो की स्वार्थी, इमारत टिकायला गाव मागे पडावं लागतं. १९४८ साली विलीनीकरण झालं, राजधानी गेली, कचेऱ्या गेल्या, औंध साधा तालुकाही राहिलं नाही. आज औंधच्या माणसाला तालुक्याच्या कामाला वडूजला यावं लागतं. फरक इतकाच की स्टॅमफर्डला मागे पडण्यातून फायदा काढायला पुढे कायदा, पैसा आणि लंडनची ट्रेन मिळाली. औंधच्या चित्रशाळेला राजाची दूरदृष्टी कामी आली, ती राजवाड्यापासून वेगळी, लोकांसाठी बांधली होती, म्हणून सरकारला सांभाळता आली.

वडूजचं नशीब उलटं. तालुक्याचं ठिकाण! (तालुक्याचं नाव खटाव, खटाव नावाचं गावही आहे, पण कचेरी वडूजला. या कोड्याला आम्ही सरावलोय.) कोर्ट, कचेरी, बँका, शाळा, एस. टी. स्टँड, आता नगरपंचायत. जिथे काम असतं तिथे जागेला भाव येतो आणि जिथे भाव येतो तिथे माळवद टिकत नाही. पेठेतले वाडे एकेक करून गेले. खाली गाळे, वर फ्लॅट, समोर फ्लेक्स.

आणि वडूजला जे सगळ्यात मोठं घडलं ते वास्तुकलेच्या पुस्तकात बसणारंही नाही. ९ सप्टेंबर १९४२. औंधमध्ये स्वराज्याची घटना येऊन साडेतीन वर्षं झाली होती. अर्ध्या तासावरचं वडूज मात्र इंग्रजी मुलखात. त्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं निःशस्त्र मोर्चाने वडूजच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला निघाली. पुढे होते वडगावचे परशुराम श्रीपती घार्गे. पोलिसांनी गोळीबार केला. घार्गे झेंडा हातात असतानाच पडले. एकूण नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला असंच झालं. त्या काळच्या तालुका कचेऱ्या म्हणजे सरकारी साच्यातून काढल्यासारख्या: काळ्या दगडाच्या भिंती, कौलं, पुढे ओसरी. शैली, नक्षी या निकषावर शून्य गुण. इंग्लंडच्या यादीचा निकष मात्र शैली किंवा इतिहास असा आहे, दोन्हीपैकी एक पुरतो. आपल्याकडे १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा स्मारकं जपतो, म्हणजे लेणी, किल्ले, देवळं. मुंबईला १९९५ पासून स्वतःची हेरिटेज नियमावली आहे. तालुक्याच्या गावातल्या राहत्या घराचा कैवार मात्र यातला कुणीच फारसा घेत नाही.

दुपारी वाड्यावर पोचलो. आमचा वाडा म्हणजे शनिवारवाडा नव्हे. एक चौक, चारी बाजूंना सोपा, मागे परसू. तुळईवर शके १८२६ कोरलंय, म्हणजे १९०४. खालचा पुरुषभर भाग काळ्या दगडाचा, वर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, त्यावर माळवद. माळवद म्हणजे लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. आमच्याकडे पाऊस कमी, म्हणून हे चालतं. एप्रिलच्या उन्हात बाहेर अंगाची लाही होत असताना माजघरात गारवा. एसीचं बिल शून्य. पण दरवर्षी पावसाच्या आधी वर चढून गवत उपटायचं, नवी माती टाकायची, चोपायची. एक वर्ष चुकलं की पाणी भिंतीत. आणि ती पांढरी माती आणायची कुठून, तर गावातल्याच जुन्या पडक्या भिंतींची. एका घराचं मरण हे दुसऱ्याच्या छपराचं सामान. कॉलीवेस्टनची फरशीही हल्ली जुनी छपरं उतरवून वापरतात, हे मला त्या बाईंनीच सांगितलं होतं.

जेवण झालं. काकूंनी हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. मी विषय काढला. तात्यांनी ऐकून घेतलं, स्टॅमफर्ड, खिडक्या, सगळं.

"त्या बाईच्या घरात संडास होता का आत?"

होता, मी म्हणालो.

"मग? मला रात्री तीनदा उठून परसात जावं लागतंय. गुडघं गेल्याती माझं. तुझ्या काकूची बी तीच गत. माळवदावर चढायला गडी हजारात एक गावत न्हाई, गावला तर चढायला भितोय. गेल्या वर्षी मागला सोपा बसला. तवा तू व्हाटसपवर लिवलंस, जपायला पायजे. तुला वाडा पायजे, मला घरात संडास पायजे."

मी म्हणालो, आत बांधता येईल की. तात्या म्हणाले, "अकरा नावं हायती. एक इट हालवायची म्हणली तर अकरांची संमती. पाडायला मातर लगीच मिळती." आणि हसले. हे कुठल्याही वास्तुविशारदाने मला इतक्या स्वच्छ सांगितलं नव्हतं. अकरांपैकी चौघे गलाईवर बाहेर, तिघे पुण्या-मुंबईत, दोन आत्या सासरी. राहणार कोण, तर तात्या आणि काकू. जपण्याचा आग्रह कुणाचा, तर माझा. मी वर्षातून एकदा यात्रेला येणारा, तेही रात्र हॉटेलवर काढून, कारण मुलांना परसातला संडास चालत नाही.

इंग्लंडातसुद्धा हे भांडण आहेच. जुन्या घराच्या दुरुस्तीवर वीस टक्के व्हॅट आणि नवं घर बांधलं तर शून्य, असा उलटा हिशेब तिथे आहे. त्या बाई शाल पांघरून कायद्याची किंमत चुकवत होत्या. पण निदान त्या यादीत त्यांच्या घराची नोंद होती. कोणत्या सालचं, कोणत्या दगडाचं, खिडक्या कशा, दार कसं. आमच्या वाड्याबद्दल सरकारदरबारी आहे तो फक्त क्षेत्रफळाचा उतारा आणि अकरा नावं.

वाड्याचे खांब आणि चौकट काढून न्यायला एक व्यापारी येऊन गेलाय म्हणे. जुन्या सागवानाला हायवेवरच्या 'वाडा स्टाईल' हॉटेलांत चांगला भाव आहे. म्हणजे दोन वर्षांनी मी आमच्याच खांबाला टेकून मिसळ खाईन आणि वर बिलही भरीन.

रविवारी सकाळी मी सही केली. अट एक घातली की पाडायच्या आधी दोन दिवस वाडा माझ्या ताब्यात. गेल्या शनिवारी पुन्हा गेलो. बरोबर तीस मीटरचा टेप, आलेखाच्या कागदाची वही आणि मोबाईलचा कॅमेरा. मला वाटलं होतं दोन तासांचं काम. पण एकही कोपरा नव्वद अंशांचा नाही. गवंड्याने फुटांत नव्हे, खणांत मोजलंय आणि प्रत्येक खण वेगळा, लाकूड जेवढं मिळालं तेवढा. उत्तरेचा सोपा मोजला तर बाहेरचं माप आणि आतलं माप जुळेना. साडेतीन फूट कुठेतरी गायब. मी तीनदा मोजलं, वहीत खाडाखोड केली.

तात्या टेपचं दुसरं टोक धरून उभे होते. म्हणाले, "थांब. हितं भिताड जाड हाय. आत बळद हाय, जुंधळ्याचं. बहात्तरच्या दुष्काळात ह्येच्यावर निभावलं. तवापास्नं बुजवलंय."

मी नकाशात भिंतीच्या आत एक चौकोन काढला आणि लिहिलं, बळद, साडेतीन बाय पाच, खोली विचारणे. तात्यांनी चष्मा लावून वही बघितली आणि म्हणाले, "खोली माझ्या गळ्याएवढी. मी उतरलोय त्यात. लिव."